‘अमुक यांच्याऐवजी…’ : बदली नट आणि आपण प्रेक्षक

१/
नाट्यगृहाच्या दाराशी एक फळा टेकवून ठेवलेला असतो. त्यावर खडूने लिहिलेली एकच ओळ असते : आजच्या प्रयोगात अमुक यांच्याऐवजी तमुक. ती वाचताच रांगेतून जो ‘अरेरे’ उमटतो, त्याचे वय मराठी संगीत रंगभूमीच्या वयाएवढेच आहे. आजचा धागा त्या ‘अरेरे’विषयी. थोडा लांब आहे. आणि मागील धाग्यांप्रमाणे यात केवळ माहिती नाही, मतही आहे. न पटल्यास खाली अवश्य लिहावे.

२/
आरंभ १८८० पासून करू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तोही पहिल्या चार अंकांचाच. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार, मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व. आणि शकुंतला? शकुंतला होते शंकरराव मुजुमदार. हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? पुढे किर्लोस्कर मंडळीचा कारभार पाहणारे आणि ‘रंगभूमी’ मासिक चालवणारे मुजुमदार नाट्येतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असतात. पण मराठी संगीत रंगभूमीची पहिली शकुंतला म्हणून त्यांची आठवण कुणी काढत नाही.

३/
कारण १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले. शकुंतला त्यांची झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘सौभद्र’ आले आणि सुभद्राही त्यांचीच झाली. लोक त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणू लागले. ज्यांच्या नावावर पुढची जवळजवळ दोन दशके किर्लोस्कर मंडळी चालली, ते भाऊराव शकुंतलेच्या भूमिकेत दुसरे होते. पहिल्याच्या जागी आलेले. आपल्या रंगभूमीचा पहिला मोठा गायक नट हा काटेकोर अर्थाने बदली नट होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

४/
१३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव गेले. वय चाळिशीच्या आत. दोनच वर्षांपूर्वी, १८९९ मध्ये, देवलांच्या ‘शारदे’त त्यांनी कोदंड रंगवला होता. त्यांच्या पश्चात काही काळ कंपनीची जी अवस्था झाली, ती एका माणसाच्या गळ्यावर संसार मांडणाऱ्या प्रत्येक संस्थेची होते. नाटके होती, पडदे होते, पेटी-तबला होता, नटही होते. श्रोत्यांच्या कानात मात्र गेलेला आवाज बसलेला होता.

५/
१९०५ मध्ये मिरजेला सतरा वर्षांचा एक मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला : नारायण श्रीपाद राजहंस. पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे, म्हणून सांगत नाही. एवढेच नोंदवतो की बालगंधर्वांची कारकीर्दही एका रिकाम्या जागेवरून सुरू झाली. त्याच १९०५ साली मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. (वऱ्हाडाचा नाटकाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी हा कंस.)

६/
आता मूळ प्रश्न. गद्य नाटकात मुख्य नट बदलला तर प्रेक्षक कुरकुरतो, पण अंकभर वाट पाहतो. संगीत नाटकात तो थांबत नाही. असे का?

७/
कारण पद त्याला पाठ असते. तो ते पहिल्यांदा ऐकायला आलेला नसतो. पुन्हा ऐकायला आलेला असतो. कुठे तान येणार, कुठे क्षणभर थांबून समेवर उतरणार, कोणत्या शब्दाला गळा किंचित दबणार, हे सारे त्याच्या मनात आधीच वाजत असते. बदली नट तोंड उघडतो तेव्हा सभागृहात दोघे गात असतात : एक रंगमंचावर, एक प्रत्येकाच्या आठवणीत. गद्य नटाला अशा अदृश्य सहगायकाशी सामना करावा लागत नाही. पहिल्या ओळीतच तुलना होते, आणि ती टाळण्याचा उपाय कुणाकडेही नाही.

८/
पण याची दुसरी बाजू आपण विसरतो. जे पद बदली नटाला दोन मिनिटांत उघडे पाडते, तेच त्याला दोन मिनिटांत मोकळेही करते. गद्य नटाला प्रेक्षकाचे मन जिंकायला दोन अंक लागतील. गाणाऱ्याला एक पद पुरते. आणि निकाल सांगण्यासाठी आपल्या प्रेक्षकाकडे एक रोकडा शब्द आहे : वन्समोअर. तो न मिळणे हाही निकालच. ‘अरेरे’ हा फळ्याला दिलेला प्रतिसाद असतो, वन्समोअर हा गळ्याला दिलेला. या दोहोंच्या मध्ये जो अर्धा तास जातो, त्यात बदली नटाचे सारे आयुष्य असते.

९/
याचे सर्वांत गोड उदाहरण मंगेशकरांच्या घरातले. दीनानाथ ‘सौभद्रा’त अर्जुन. नारदाचे काम करणारा नट ऐन वेळी उपलब्ध नाही. घरातली चिमुकली मुलगी म्हणते, मी करते. वडिलांना पेच : एवढासा नारद आणि एवढा मोठा अर्जुन, दिसणार कसे? शेवटी मुलगी उभी राहिली, गायली आणि तिने वन्समोअर घेतला. लता मंगेशकरांनीच ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. यात मला त्या मुलीपेक्षाही त्या रात्रीच्या अनाम प्रेक्षकाचे कौतुक अधिक वाटते. नारद कमरेएवढा दिसतो आहे, हे त्याला दिसत नव्हते काय? दिसत होते. पण त्याने कानाचे ऐकले.

१०/
केशवराव भोसल्यांचेही तसेच. १८९० चा जन्म, कोल्हापूरचा. पोटासाठी अगदी बालवयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल. शारदेचे काम करणारा मुलगा कंपनीतून गेला आणि ती भूमिका या लहानग्याकडे आली. तिने त्याचे नाव झाले. १९०८ मध्ये हुबळीला त्याच मुलाने ‘ललितकलादर्श’ काढली. आमच्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ याच ललितकलादर्शने रंगमंचावर आणले, तो हा धागा वऱ्हाडाशी पुन्हा जुळतो.

११/
येथे एक निरीक्षण मांडतो. जे दुसरे टिकले, त्यांच्यापैकी कुणीही पहिल्याची नक्कल केली नाही. बालगंधर्व १९१३ मध्ये किर्लोस्कर सोडून गेले, स्वतःची मंडळी काढली. मागे उरलेल्या किर्लोस्करांत चौदा-एक वर्षांचे दीनानाथ आले. गंधर्वांची मृदू, लडिवाळ गायकी ज्यांच्या कानात मुरली होती, त्यांच्यासमोर हा मुलगा चपळ, उसळती, आक्रमक तान घेऊन उभा राहिला. दोघांत तुलना होणे कठीण झाले, कारण मोजमापच बदलले. प्रेक्षक वेगळेपणा माफ करतो. हुबेहूबपणा माफ करत नाही. हुबेहूब गाणारा माणूस गैरहजर माणसाची आठवण पदोपदी करून देतो. स्वतःचे गाणारा ती थोडा वेळ तरी बाजूला सारतो.

१२/
गोविंदराव टेंब्यांचे उदाहरण याहून विलक्षण. ‘मानापमाना’ला चाली त्यांनी दिल्या. १९११ मध्ये त्याचा पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. ते त्याच वर्षी वारले. पुढे टेंबे स्वतः धैर्यधर म्हणून उभे राहिले. चाल बांधणाराच चाल गायला उभा राहिला, तर ‘मूळ बरहुकूम नाही’ अशी तक्रार तरी कोण कोणापाशी करणार!

१३/
आता ज्या प्रसंगासाठी हा धागा लिहायला घेतला, तिकडे येतो. १२ मार्च १९११. मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी दगावली. प्रयोग रद्द करावा असे लोकांनी सुचवले. गंधर्वांनी नकार दिला आणि त्या रात्री भामिनी म्हणून ते उभे राहिले. ही कथा आपण शंभराहून अधिक वर्षे भारावून सांगत आलो आहोत. शाळेतल्या भाषणांत सांगतो, स्मरणिकांत छापतो, चित्रपटातही दाखवतो.

१४/
मी ती भारावून सांगू शकत नाही. गंधर्वांच्या धैर्याविषयी मला शंका नाही. तो निर्णय त्यांचा होता आणि तो बापाचा होता, त्यावर बोलायचा अधिकार आपल्याला नाही. माझा प्रश्न आपल्याविषयी आहे. मुलीचे प्रेत घरात असताना बापाला शालू नेसून उभे राहावे लागते, तेव्हा त्या रात्री दुसरी भामिनी तयार का नव्हती, हे आपण कधी विचारले नाही. ‘कलावंत असावा तर असा’ म्हणताना आपण पुढच्या प्रत्येक कलावंतासाठी एक अलिखित नियम लिहून ठेवला : तुझ्या घरी काहीही होवो, फळ्यावरची ओळ आम्हाला नको.

१५/
त्या नियमाची किंमत तारखांत वाचा. भाऊराव अडतिसाव्या वर्षाच्या आसपास गेले. केशवराव ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ गायले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, एकतिसाव्या वर्षी, वारले. दीनानाथ १९४२ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी. प्रत्येकाचे कारण निराळे होते. तापाने गेलेल्या माणसाचा दोष प्रेक्षकांवर घालण्याइतका मी वेडा नाही. पण रात्ररात्र चालणारे प्रयोग, सततचे फिरते बिऱ्हाड, ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा आवाज आणि ‘आज नको’ म्हणण्याची सोय नाही, हे त्या साऱ्यांच्या आयुष्यात समान होते.

१६/
केशवरावांनंतर ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी सांभाळली आणि पुढच्याच वर्षी वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ करून दाखवले. कंपनी मेली नाही. नव्या माणसाला नवे नाटक मिळाले, हे त्यामागचे शहाणपण. जुन्या भूमिकांत सतत मोजले जाण्यापेक्षा ते बरे.

१७/
उलट गोष्टही घडली आहे. बदली नट नको म्हणणारा प्रेक्षक कित्येकदा मूळ नटालाही बदलू देत नाही. १९३८ नंतर गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या, स्त्रीभूमिका करू लागल्या, आणि गंधर्व पुरुषभूमिकांकडे वळले. तेव्हा पन्नाशीच्या पुरुषाने तरुण नायिका रंगवण्याऐवजी बाईने बाईचे काम करणे, यात आज कुणाला काही खटकणार नाही. पण अनेक जुन्या रसिकांना ते रुचले नाही. त्यांना त्यांची भामिनी आणि त्यांची सिंधू हवी होती, वय काहीही झालेले असो. या हट्टाला प्रेम म्हणावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

१८/
परदेशात हा प्रश्न कसा सोडवतात? न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मोठ्या संगीतिकांना प्रत्येक मुख्य भूमिकेसाठी तालीम केलेला पर्यायी नट असतो, त्याचे नाव छापलेले असते, आणि बदल असेल त्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी घालतात. नाटकाच्या नावाच्या वर ज्याचे नाव छापले आहे तो तारा गैरहजर असेल, तर पैसे परत मागता येतात. तरीही ‘अरेरे’ चुकत नाही. १९५४ मध्ये ‘द पजामा गेम’मध्ये कॅरल हेनीचा पाय दुखावला आणि कोरसमधली शर्ली मॅक्लेन तिच्या जागी आली, तेव्हा घोषणा ऐकून प्रेक्षागृहात नाराजी उमटल्याचे तिनेच पुढे सांगितले आहे. तिथूनच ती चित्रपटांत गेली. म्हणजे माणसे सगळीकडे सारखीच. फरक व्यवस्थेत आहे.

१९/
आता चांदूर बाजारहून लिहितो आहे, तर इथला हिशोबही मांडला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या रसिकाला फळ्यावरची ओळ दिसली, तर तो म्हणू शकतो, पुढच्या रविवारी येऊ. आम्ही ते म्हणू शकत नाही. संगीत नाटक अमरावतीला येते ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा. चांदूर बाजारहून चौघांनी मिळून गाडी करायची, कापूस किंवा संत्र्याच्या धांदलीतून संध्याकाळ सोडवायची, शेवटची एस.टी. चुकणार हे गृहीत धरायचे. तिथे पोहोचल्यावर कळते की ज्याच्यासाठी आलो तो आलाच नाही. आमचा ‘अरेरे’ पुण्याच्या ‘अरेरे’पेक्षा वजनाने जड असतो. त्याला असभ्यपणा म्हणू नये.

२०/
त्यात एक जुना संशयही मिसळलेला असतो : मुख्य नट तिकडे, बदली नट इकडे. दौऱ्याचे अखेरचे मुक्काम, थकलेली मंडळी, ‘वऱ्हाडात चालून जाते’ अशी कुजबूज. हा संशय प्रत्येक वेळी खरा असतो असे नाही. बहुतेक वेळा कारण साधा ताप असतो. पण ज्या प्रदेशाने वामनराव जोशी दिले, जळगाव जामोदला वकिली करता करता नाटके लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर सांभाळले, त्याला दुय्यम गिऱ्हाईक समजले जाते ही सल खरी आहे. ती बदली नटावर निघते. आणि तेच चूक आहे. तो बिचारा तर आलेला असतो!

२१/
आणि वऱ्हाडने तर याच रंगभूमीला एक न बदलता येणारा नट दिला आहे. मूर्तिजापूर म्हटले की आम्हा अचलपूर-चांदूर भागातल्या लोकांना आधी ‘शकुंतला’ गाडी आठवते (रेल्वेचेही नाव शकुंतला, हा योग पाहा). पण १९२० मध्ये त्याच मूर्तिजापुरात वसंतराव देशपांडे जन्मले. २४ डिसेंबर १९६७ रोजी दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन हे वसंतरावच. ही भूमिका दुसऱ्या कुणाची होऊच शकत नाही, असे तेव्हा सर्वांना वाटे. १९८३ मध्ये वसंतराव गेले.

२२/
‘कट्यार’चे कथानकच मुळी या धाग्याच्या विषयाचे आहे. पंडितजी राजगायकपदावरून जातात, त्या हवेलीत खाँसाहेब येतात. पद मिळते, मान मिळतो, पण कुणाच्या तरी जागी आलो आहोत ही सल काही सुटत नाही. आणि सदाशिव खाँसाहेबांचेच गाणे चोरून शिकतो. एकाची जागा दुसऱ्याने घेणे, एकाचे गाणे दुसऱ्याच्या गळ्यात जाणे, याबद्दलचे हे नाटक ज्या भूमिकेवर उभे आहे, ती भूमिकाच पुढे जागा भरण्याचा प्रश्न होऊन बसली.

२३/
२०१० च्या सुमारास सुबोध भावे यांनी ते पुन्हा बसवले. खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, सदाशिव झाले महेश काळे. राहुल यांच्यापुढची अडचण साधी नव्हती. रक्ताचे नाते होते, म्हणून अपेक्षा दुप्पट. आणि सभागृहात ध्वनिमुद्रिका पाठ असलेले लोक. पूर्वी आठवण तरी पुसट होत असे. आता आजोबांचा आवाज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. भाऊरावांनंतर आलेल्या बालगंधर्वांना ही अडचण नव्हती : भावड्याचे गाणे ऐकलेले लोक होते, त्याचे गाणे कुणाकडे साठवलेले नव्हते. तरीही नव्या ‘कट्यार’ला प्रेक्षक आला, तरुण आला, आणि पुढे २०१५ मध्ये चित्रपट निघाला.

२४/
माझे म्हणणे एवढेच आहे की राग योग्य ठिकाणी धरावा. बदल लपवणे हा दोष आहे. जाहिरातीत मोठे नाव, तिकीटविक्री त्या नावावर, आणि फळा मात्र लोक गाडीतून उतरल्यावर दिसेल असा ठेवायचा, ही फसवणूक आहे. सकाळी कळले असेल तर सकाळी सांगावे. आज ते एका संदेशाचे काम आहे. ज्याला परत जायचे त्याचे पैसे परत द्यावेत. आणि बदली नटाला तालमीत उभे करावे, ऐन वेळी ढकलू नये. हे सगळे आयोजकांनी आणि निर्मात्यांनी करायचे. आपण करायचे ते कमी आहे : पहिले पद संपेपर्यंत गप्प बसणे.

२५/
शेवटी एक स्वतःचे. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण इथून एका जुन्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला अमरावतीला गेलो. कोणते नाटक आणि कोणती संस्था, ते सोडून देऊ. मुख्य गायक आजारी होता. फळा होता, पण त्यावर ‘कलाकार बदलला आहे’ एवढेच. आमच्यातले एक काका, वय सत्तरीपुढे, संतापून परत निघाले होते. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून आत आले. पहिल्या पदाला त्यांनी हाताची घडी घातली होती. दुसऱ्याला ती सुटली. तिसऱ्या पदाला वन्समोअर आला आणि तो पहिल्यांदा ओरडले तेच.

२६/
परतताना वलगावच्या पुढे गाडीत त्यांनी विचारले, “पोरगं कोणतं होतं ते? नाव काय त्याचं?” कुणालाच ठाऊक नव्हते. कार्यक्रमपत्रिकेवर आजारी माणसाचे नाव होते आणि फळ्यावर कुणाचेच नव्हते. मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारले. ज्यांनी उचलला त्यांनाही सांगता आले नाही.